साहेब गेले, वाडे राहिले

बँकेच्या, पंचायत समितीच्या नाही तर दवाखान्याच्या कामासाठी आपण जिल्ह्याच्या गावी जातो, तेव्हा जुन्या दगडी इमारतींच्या समोरून कितीदा तरी जातो. आत काय काम चालतं ते आपल्याला माहीत असतं. पण ही इमारत आधी कुणाची होती, इथे कोण बसत होतं आणि त्याच्या पुढे कोण हात जोडून उभं राहत होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. आजचं बोलणं अशाच इमारतींबद्दल आहे. एक राज्य गेलं, त्याचे साहेब गेले. त्यांचे वाडे आणि कचेऱ्या मात्र राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं, आणि त्याच्याशी आपला काय संबंध, ते बघू या.

छत्रपती संभाजीनगरात 'सुभेदारी' नावाचं सरकारी विश्रामगृह आहे. मंत्री किंवा मोठे अधिकारी दौऱ्यावर आले की तिथे उतरतात. पेपरात 'सुभेदारीवर बैठक झाली' असं आपण वाचतो. विश्रामगृहाला हे नाव का? कारण निजामाच्या राज्यात इथे सुभेदार राहत असे. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १६ जिल्हे होते आणि त्यातले पाच मराठी बोलणारे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे फार पुढे यांतूनच निघाले. काही जिल्हे मिळून एक सुभा होई आणि त्याचा प्रमुख तो सुभेदार. त्याच्या खाली जिल्ह्याला अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर. मग तहसीलदार, गिरदावर, आणि गावात पाटील-पटवारी. गिरदावर हा शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

या उतरंडीचा शेवट गावातल्या बाईच्या जात्यापाशी होत होता. साहेब दौऱ्यावर आला की त्याची सरबराई गावानं करायची. कुणी लाकडं आणायची, कुणी पाणी भरायचं, कुणी दळण दळायचं, आणि मजुरी मागायची सोय नव्हती. त्यालाच वेठबिगार म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली. शेतात पिकलेल्या धान्यातला ठरावीक वाटा सरकारनं ठरवलेल्या भावानं घालावाच लागे. कणगीत लेकरांपुरतं उरतं की नाही याची चिंता घरातल्या बाईला. कचेरीतली आणि कोर्टातली भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच शेताच्या कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे.

आणखी एक गोष्ट आपल्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२९ साली निजाम सरकारनं एक परिपत्रक काढलं. ते 'गश्ती निशान ५३' म्हणून ओळखलं जातं. जाहीर सभा घ्यायची असेल तर आधी सरकारची परवानगी घ्यायची, असा त्याचा रोख होता. आपण दर महिन्याला सतरंजी टाकतो, गोल बसतो, बचत मोजतो, ठराव लिहितो आणि उठतो. त्यासाठी कुणाला अर्ज करत नाही. आपल्या आजी-पणजीच्या काळात चार माणसांनी सार्वजनिक प्रश्नावर एकत्र बसणं म्हणजे कचेरीच्या डोळ्यांवर येणं होतं. परवानगी देणारे आणि नाकारणारे साहेब या दगडी इमारतींतच बसत होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. सरहद्दीवर छावण्या पडल्या, जकातीचे करोडगिरी नाके उद्ध्वस्त करण्यात आले. दुसरीकडे लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीनं रझाकारांची फौज वाढवली. रझाकार हे सरकारी नोकर नव्हते. पण त्यांनी गावं जाळली, लुटली, माणसं मारली, आणि राज्याच्या यंत्रणेनं त्यांना आवरलं नाही. हैदराबादमध्ये शोएबुल्ला खान नावाचा तरुण मुसलमान संपादक रझाकारांच्या विरोधात लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

राज्य बदललं तेव्हा कुणी वाडे पाडत बसलं नाही. पक्क्या इमारती होत्या आणि नव्या सरकारला जागा हवीच होती. सुभेदाराच्या जागी पाहुणे उतरू लागले. हर्सूलच्या तुरुंगात निजामी अमलात सत्याग्रहींना डांबलं जाई. तो आजही तुरुंगच आहे, फक्त कायदा वेगळा आहे. पण काही इमारतींचं नशीब मात्र पार पालटलं.

किलेअर्कचंच बघा. औरंगजेबानं १६९२ साली बांधलेला हा राजवाड्याचा परिसर. तिथे आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. या कॉलेजचं मूळ म्हणजे निजामाच्या काळात, १९२३ साली सुरू झालेलं इंटरमिजिएट कॉलेज. सरकारनं हे कॉलेज काढलं ते राज्याला शिकलेली माणसं मिळावीत म्हणून. पण १९३८ च्या नोव्हेंबरात याच कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं थांबवायला नकार दिला. तिथून हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. कितीतरी मुलांना शिक्षण सोडावं लागलं, बरेच जण पुढे नागपूर विद्यापीठात गेले. म्हणजे साहेबांनी उभं केलेलं घर साहेबांच्या हयातीतच त्यांच्या हातून निसटू लागलं होतं.

दुसरा वाडा नवखंडा. भडकल दरवाजाजवळचा हा महाल मूळ मलिक अंबरनं १६१६ च्या सुमारास बांधला. पुढे पहिल्या निजामानं तो वाढवला. आत दिवाणखाने होते, कचेरी होती, मशीद होती, आणि पाच जनाने होते. जनाना म्हणजे बायकांनी पडद्यात राहायचा भाग. त्या पाच जनान्यांत किती बायका राहून गेल्या, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आज त्याच नवखंड्याच्या आवारात मुलींचं कॉलेज आहे. शहरातल्या मोहल्ल्यांतल्या मुली दप्तर घेऊन तिथे शिकायला जातात. एके काळी जिथून बाईनं बाहेर पडायचं नाही असा रिवाज होता, तिथे बाईनं रोज आत यावं म्हणून फाटक उघडतं.

तिसरी इमारत हैदराबादची. निजामावर नजर ठेवायला इंग्रजांचा रेसिडेंट तिथे राहत असे. त्याची कोठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली, पुढे उंच खांब आणि रुंद पायऱ्या. निजामाच्या राज्यात खरा धाक या कोठीचा होता. इंग्रज गेल्यावर १९४९ साली उस्मानिया विद्यापीठाचं महिला कॉलेज तिथे आलं. आता ते महिला विद्यापीठ झालं आहे आणि २०२४ मध्ये त्याला चाकली इलम्मा यांचं नाव देण्याचं जाहीर झालं. इलम्मा तेलंगणातली परीट समाजाची बाई. आपल्या कसत्या जमिनीवरचा हक्क तिनं देशमुखापुढे सोडला नाही. इंग्रज साहेबाच्या कोठीला एका धोबिणीचं नाव मिळालं, आणि तेही पुस्तकं शिकवण्याच्या जागी.

इमारतींइतकीच टिकली ती दप्तरं. तहसीलच्या अभिलेख कक्षात निजामी अमलातले कागद अजून आहेत, काही मोडीत, काही उर्दूत. जमिनीचा वाद निघाला की, जातीचा दाखला काढायचा झाला की, लोक आजही त्या कागदांपर्यंत जातात. त्यावर साल फसली असतं. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल येतं. म्हणजे फसली १३५० म्हणजे १९४०-४१. हा हिशोब वहीत लिहून ठेवा, कामाला येईल. ज्या कारकुनानं ती नोंद केली, त्याला कल्पनाही नसेल की ऐंशी-नव्वद वर्षांनी कुणाची तरी नात तिच्या हक्कासाठी ती शोधत येईल.

आता प्रश्न येतो. इमारत वापरात आली, तिथे चांगलं काम चाललं, एवढ्यानं भागलं का? तिथे आधी काय घडलं ते सांगायची गरज उरते की नाही? हा प्रश्न जगात सगळ्यात जास्त ज्यांना छळतो आहे ते म्हणजे जर्मनीचे लोक. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊन येऊ. आधीच सांगते, निजामाचं राज्य आणि हिटलरचं राज्य एका मापानं मोजता येणार नाही. हिटलरच्या नाझी राजवटीनं १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत सुमारे ६० लाख ज्यू माणसं ठरवून मारली. पण 'साहेब गेल्यावर त्यांच्या वाड्यांचं काय करायचं' हा प्रश्न त्यांनाही पडला आणि त्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरं शोधली.

बर्लिन शहराच्या कडेला वानझे नावाचं तळं आहे. तळ्याकाठी एक देखणा बंगला आहे. २० जानेवारी १९४२ ला तिथे १५ बडे अधिकारी जमले. सुमारे दीड तास बैठक झाली. विषय होता युरोपातल्या ज्यूंना संपवायचं काम कोणत्या खात्यानं कसं करायचं. त्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं गेलं, ज्याला आपण प्रोसिडिंग म्हणतो. त्याच्या ३० प्रती निघाल्या. युद्ध हरल्यावर एक सोडून बाकीच्या सापडल्या नाहीत. ती एक प्रत १९४७ साली परराष्ट्र खात्याच्या कागदांत मिळाली आणि त्या दीड तासात काय ठरलं ते जगाला कळलं. प्रोसिडिंग लिहायला कंटाळा करणाऱ्या गटांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. लिहिलेलं कुठे ना कुठे उरतं.

आता त्या बंगल्याचं काय झालं ते ऐका. १९५२ पासून तो शाळेतल्या मुलांच्या सहलीचा मुक्काम झाला. मुलं तळ्याकाठी खेळायची, त्या खोल्यांत झोपायची. वाईट काय त्यात? पण योसेफ वुल्फ नावाचे एक ज्यू इतिहासकार होते. ते स्वतः आउशवित्झच्या छळछावणीतून वाचले होते. त्यांचं म्हणणं होतं की या घरात काय ठरलं याची कागदपत्रं इथेच ठेवा, लोकांना वाचू द्या. १९६० च्या दशकात त्यांनी खूप खटपट केली. सरकारनं मानलं नाही. १९७४ साली वुल्फ यांनी आपलं जीवन संपवलं. त्यानंतर अठरा वर्षांनी, त्या बैठकीला ५० वर्षं झाली त्या दिवशी, २० जानेवारी १९९२ ला त्या घराचं स्मारक झालं. तिथल्या ग्रंथालयाला आज वुल्फ यांचं नाव आहे.

दुसरी जागा नाझींच्या गुप्त पोलिसांच्या मुख्य कचेरीची. ती बर्लिनच्या मध्यात होती. बाँबहल्ल्यात मोडली आणि उरलेली लोकांनी पाडून टाकली. नकोच ती आठवण, असा विचार. मग त्या मोकळ्या जागेवर काही वर्षं लोक गाडी चालवायला शिकत होते. १९८७ साली तिथे पहिलं प्रदर्शन लागलं, तळघराच्या भिंती उकरून दाखवल्या गेल्या, आणि २०१० मध्ये मोठं माहिती केंद्र उभं राहिलं. पाडलेली इमारत पुन्हा उकरून काढावी लागली.

तिसरं घर पोलंडमधलं. आउशवित्झ छावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्यॉस बायको आणि पाच मुलांसह छावणीच्या भिंतीलगतच्या घरात राहत होता. फुलांची बाग होती. घरकामाला छावणीतले कैदी येत. भिंतीच्या या बाजूला लेकरं खेळायची, त्या बाजूला माणसं मरत होती. युद्धानंतर कितीतरी वर्षं ते घर साध्या कुटुंबाचं राहतं घर होतं. २०२५ च्या जानेवारीत, छावणी मुक्त झाल्याला ८० वर्षं झाली तेव्हा ते लोकांना बघायला खुलं झालं. हे घर मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतं. तिथे चूल होती, न्हाणीघर होतं, संसार होता. अन्याय करणाऱ्याचं घर बाहेरून आपल्या घरासारखंच दिसतं. भिंतीपलीकडे काय चाललंय हे त्या घरातल्या माणसांनी विचारलं की नाही, एवढाच फरक असतो.

चला, परत मराठवाड्यात. आपल्याकडे दगडी इमारती टिकल्या त्या बहुतेक साहेबांच्या. ज्यांनी सोसलं आणि जे लढले त्यांची घरं मातीची, धाब्याची. ती जळाली, नाही तर पावसात खचली. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. रझाकारांविरुद्धच्या हत्यारी लढ्यात त्या उतरल्या. पण त्यांच्यासारख्यांना ज्या बायांनी रात्री भाकरी दिली, माळवदावर लपवलं, गिरदावर आला तर गोवऱ्यांच्या ढिगाखाली कागद सरकवले, त्यांची नावं कुठल्या दगडावर आहेत? दगडाचा इतिहास वाचायला गेलं तर तो साहेबाचाच निघतो. दुसऱ्या बाजूचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं आता झपाट्यानं कमी होत आहेत. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या आसपास आहे.

आणि सांगायचंच तर पुरतं सांगायला हवं. पोलीस ॲक्शननंतर कित्येक गावांत सूड उगवला गेला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची किंमत ज्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता अशा साध्या मुसलमान कुटुंबांनी मोजली. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिनं गावोगाव फिरून अंदाज दिला, की पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना बसली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. त्याच अहवालात असंही लिहिलं आहे, की काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान बायामाणसांना वाचवलं. रझाकारांच्या काळातली विधवा आणि सप्टेंबरनंतरची विधवा, दोघींची लेकरं एकाच गावात वाढली. आज त्यांच्या नातसुना एकाच बचत गटात, एकाच सतरंजीवर बसतात आणि एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. एकीच्या आजीचं दुःख सांगायचं आणि दुसरीच्या आजीचं गाळायचं, असं केलं तर ती सतरंजी टिकणार नाही.

म्हणून एक काम सुचवते. खर्च काही नाही. येत्या महिन्यात गटातल्या प्रत्येकीनं गावातल्या एका तरी जुन्या माणसाला भेटा. आपल्या घरातल्याच नको, दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या समाजाच्या. पाच गोष्टी विचारा. गावातली गढी, चावडी किंवा जुनी शाळा आधी कुणाची होती? तिथे साहेब आला की बायांना काय काम पडायचं? लेव्हीच्या वर्षी घरात काय शिजायचं? १९४८ च्या आधी गाव सोडून कोण गेलं आणि सप्टेंबरनंतर कोण गेलं? आणि कुणी कुणाला लपवलं? सांगताना कुणाचा गळा दाटला तर घाई करू नका. एखादीला नाव सांगायचं नसेल तर नावासाठी अडू नका. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख टाका, खाली सांगणाऱ्याचं वय लिहा.

मग ती पानं ग्रामसंघाच्या बैठकीत वाचा. गावातली शाळा जुन्या गढीत भरत असेल, नाही तर ग्रामपंचायत जुन्या चावडीत असेल, तर ही माहिती सरपंचांना दाखवा. भिंतीवर एक साधी पाटी लागू शकते: ही इमारत कुणी बांधली, इथे काय चालायचं, आता काय चालतं. दोन ओळी पुरे. शाळेतली पोरं रोज वाचतील. मात्र पाटीवर कुणाचा अपमान नको आणि कुणाची खोटी आरतीही नको. घडलं तेवढं लिहायचं.

सुभेदारीवर पुढच्या वेळी कुणी मंत्री उतरले आणि आपल्याला निवेदन द्यायला जायची वेळ आली, तर फाटकातून आत जाताना एवढं आठवा, की या दारात येण्यासाठी आपल्या आजीला काय सोसावं लागलं असतं. मान वर ठेवून जा, निवेदनाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, आणि तिची एक प्रत गटाच्या फाइलला लावा.